दुखलं तर मला सांगायचं

आमच्या वॉर्डात नवीन मुलगी रुजू झाली की पहिल्या दिवशी तिला माझ्याकडे पाठवतात. माझं बोलणं ऐकून निम्म्या मुली घाबरतात, उरलेल्या निम्म्या घरूनच घाबरून आलेल्या असतात. पनवेलमधलं आमचं लहान मुलांचं हॉस्पिटल काही फार मोठं नाही, पण माणसं लांबून येतात. उलव्याच्या साइटवरून येतात, उरण रस्त्यावरच्या गावांतून येतात, नव्या सोसायट्यांमधून तर गाड्या घेऊन येतात. मी स्वतः विचुंब्याला राहते. तिथंही सुटका नाही. बिल्डिंगमधल्या बायका लिफ्टमध्ये मूल पुढं करून विचारतात, "अहो, याचं नाक वाहतंय का हो?" वाहत असलेलं मला दिसतच असतं.

नवीन मुलींना मी जे सांगते ते वर्षानुवर्षं तेच. मुलाला हात लावण्याआधी हात चोळून गरम करा. उभ्यानं बोलू नका, गुडघ्यावर बसा. आई रडत असेल तर तिला आधी पाणी द्या, मग मुलाकडं वळा, कारण मूल तुमच्याकडं बघत नसतं, आईच्या तोंडाकडं बघत असतं. डबा खाल्ल्याशिवाय ड्युटीवर येऊ नका. रडू आलं तर चादरींच्या खोलीत जाऊन रडा, तिथं आम्ही सगळ्याच रडलोय. सुई दुखत नाही असं कधीही सांगू नका. ती दुखते. एकदा खोटं बोललात की ते मूल तुमचं राहत नाही. दुखतंय का, हे तोंडाला विचारा, पण हात उघडून स्वतः बघा. आणि प्रत्येक मुलाला इथं आपलं एक माणूस लागतं, तेव्हा तुमच्या वाटणीच्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, दुखलं तर मला सांगायचं.

या भाषणाचा मला मोठा अभिमान होता. होता म्हणतेय, कारण गेल्या हिवाळ्यापासून ते बोलताना माझा आवाज मध्येच बसतो, आणि मुलींना वाटतं बाईंचा घसा दुखतोय.

गेल्या हिवाळ्यात गव्हाणची एक मुलगी आली. नर्सिंगचा कोर्स नुकताच संपवलेली, अंगानं बारीक, आणि भित्री म्हणजे किती भित्री! ट्रॉली ढकलतानाही ट्रॉलीची माफी मागेल अशी. मी "इकडे ये गं" म्हटलं की तिच्या हातातलं काहीतरी खाली पडायचंच. पण मुलं तिच्याकडं पटकन जायची. भित्र्या माणसाला मुलं घाबरत नाहीत, हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

तिच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. ड्युटी संपली, तिनं पर्स घेतली आणि वॉर्डाच्या दारात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी जाते." दाराजवळच्या खाटेवर एक तान्हं बाळ होतं, फार बरं नव्हतं त्याचं. त्याच्या आजीचा चेहरा असा काही झाला की मला ते बघवेना. मी तिथंच सुरू झाले. "जाते काय? दवाखान्यात जाते म्हणतात? येते म्हण, येते! घरी शिकवलं नाही का कुणी?"

ती लालबुंद झाली. "घरी आमी बी येतेच म्हनतो, ताई. भीतीनं त्वांडातून गेलं."

मी काही फार देवभोळी बाई नाही. पण वॉर्डाचे म्हणून काही रिवाज असतात. घरी जाणाऱ्या मुलाला आम्ही 'पुन्हा या' म्हणत नाही, आणि घरी जाणारी नर्स 'जाते' म्हणत नाही. 'येते' म्हणते आणि जाते. आपल्याकडं सगळेच तसं म्हणतात. त्यात कुणी कुणाला फसवत नसतं. त्या दिवसापासून ती मुलगी घरी निघताना प्रत्येक खाटेपाशी थांबून म्हणायला लागली, "येते हं." मला बरं वाटलं. पोरगी शिकतेय, असं मी मनात म्हटलं.

मग ती छोटी आली. उलव्याला नव्या इमारतींवर काम करणाऱ्या कुटुंबातली, पाचेक वर्षांची. घरचं सगळं बोलणं हिंदी, मूळचे छत्तीसगडकडचे. छातीत कफ, न्यूमोनिया, डाव्या हाताला सलाईनची सुई आणि हात हलू नये म्हणून खाली पुठ्ठ्याची पट्टी. तिच्या आईच्या कडेवर अजून एक तान्हं होतं. वॉर्डात सोबत आलेल्या तान्ह्या बाळाला फार वेळ ठेवू देत नाहीत, ते रडलं की आई त्याला घेऊन बाहेर पॅसेजमध्ये जायची. जाताना लेकीला म्हणायची, "आती हूँ." आणि खरंच परत यायची. दर वेळी यायची.

गव्हाणच्या पोरीनं माझं भाषण तंतोतंत पाळलं. हात चोळले, गुडघ्यावर बसली, सुई दुखेल असं सांगितलं आणि ती दुखली तेव्हा तिचा दुसरा हात धरून ठेवला. मग आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "दुखेगा तो मेरे को बताने का. किसको बताने का?" छोटी म्हणाली, "आपको." ते मी माझ्या टेबलावरून ऐकलं आणि शेजारच्या सिस्टरला कौतुकानं खूण केली. दोनच दिवसांत त्या दोघींचं इतकं जमलं की औषध पाजायचं तर दीदीनंच, वाफ द्यायची तर दीदीनंच. छोटीनं दीदीची थोडी मराठीही उचलली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ड्युटी संपवून ती मुलगी घरी निघाली. छोटीच्या खाटेपाशी वाकून म्हणाली, "येते हं." छोटीनं मान हलवली. मी ते पाहिलं. मला त्यात वावगं काहीच दिसलं नाही.

संध्याकाळी येणाऱ्या सिस्टरला उशीर होणार होता, म्हणून मी थांबले. तापाची साथ होती, एकही खाट रिकामी नव्हती. मी एका टोकाकडून निघाले आणि प्रत्येक मुलाला विचारत गेले. छोटीपाशी आले तेव्हा तिची आई बाळाला घेऊन बाहेर होती. छोटी शालीत गुरफटून बसली होती, सुईचा हात शालीच्या आत. मी विचारलं, "दर्द है?" तिनं मान हलवली, नाही. मी वर बाटलीकडं पाहिलं, थेंब पडत होते. "शाब्बास," मी म्हटलं, "किती शहाणी आहे बघा माझी," आणि पुढच्या खाटेकडं गेले.

शाल मी उचलली नाही. हात उघडून बघा, हे मी घसा ताणून सांगते, वर्षानुवर्षं सांगते, आणि शाल उचलली नाही. थंडी होती, मूल शांत होतं, आणि पलीकडं एक मूल ठणाणा करत होतं. मी ठणाणा करणाऱ्याकडं गेले.

नंतर इंजेक्शन द्यायला परत आले तेव्हा शाल बाजूला केली. हात टम्म फुगला होता, पार कोपरापर्यंत. सलाईन शिरेत जातच नव्हतं, बाहेर मांसात भरत होतं. पट्टी रुतली होती, बोटं गार लागत होती, कातडी ताणून चकाकत होती. मी आधी सलाईन बंद केलं, पट्टी कापली, डॉक्टरांना हाक मारली. मग तिला विचारलं, आणि माझा आवाज चढलाच, "दर्द नहीं हुआ तुझे?"

"हुआ," ती म्हणाली.

"फिर बताया क्यों नहीं? मैंने पूछा था ना!"

"दीदी आ रही है ना. उसको बताना है."

ती दाराकडं बघत होती. मला आधी कळलंच नाही. मग 'येते हं' कानात वाजलं आणि कळलं. ही पोर दुपारपासून दुखणं सांभाळून बसली होती. दीदी येते म्हणाली होती. आई आती हूँ म्हणते आणि येते, तर दीदी का नाही येणार?

डॉक्टरांनी सुई काढली, हात उंच बांधला, औषधाची पट्टी ठेवली, दुसऱ्या हाताला नवी सुई लावली. मनगटाजवळ एक फोड आला होता. कातडी काळी पडते की काय, याची त्यांनाही धास्ती होती, तोंडानं बोलले नाहीत तरी. आई धावत आली आणि तिनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर लेकीलाच रागावली. "बोलती ही नहीं ये, सिस्टर. घर पे भी नहीं बोलती." मी तिला सांगितलं की यात तुमच्या मुलीचा काही दोष नाही, चूक आमची आहे, माझी आहे. तिला ते पटलं नाही. सिस्टर मनानं मोठ्या आहेत म्हणून असं म्हणतायत, असं तिला वाटलं. तिनं माझा हात हातात घेतला. तिनं थोबाडीत मारली असती तर मला जास्त बरं वाटलं असतं.

डॉक्टर म्हणाले, लहान मुलांचं सलाईन बाहेर जातंच. संध्याकाळची सिस्टर आली, तीही म्हणाली, होतं असं ताई, तुम्ही कशाला मनाला लावून घेता. हे खरंच आहे. मीही कितीजणींना हेच सांगून गप्प केलंय. त्या गप्प का व्हायच्या, हे मला त्या दिवशी कळलं. पुढं बोलायला जागाच राहत नाही.

सुदैवानं सकाळपर्यंत बोटं उबदार झाली, सूज उतरायला लागली. गव्हाणची पोरगी आली तेव्हा मी तिला औषधांच्या कपाटापाशी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मला वाटत होतं, ती म्हणेल, तुम्हीच तर सांगितलं होतं, येते म्हण. तुम्हीच सांगितलं होतं, मला सांगायचं असं म्हण. म्हणायलाच हवं होतं तिनं. मी उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं, की हो बाई, माझंच चुकलं. पण ती एवढंच म्हणाली, "मी येते म्हनले, आन घरी जाऊन जेवून झोपले."

"तू काही वावगं केलेलं नाहीस," मी म्हटलं. "शाल मी उचलली नाही. येते म्हणायला मीच लावलं."

"तुमी कशाला अंगावर घेता, ताई," ती म्हणाली आणि छोटीच्या खाटेकडं गेली. मीही मागोमाग गेले.

छोटीनं तिला पाहिलं मात्र, तिचा चेहरा खुलला. बांधलेला हात तसाच उंच, आणि ती मोठ्या फुशारकीनं म्हणाली, "दीदी, मैंने किसी को नहीं बताया."

ती शाबासकीची वाट बघत होती. दिलेला शब्द पाळला होता ना तिनं. गव्हाणच्या पोरीनं भिंतीकडं तोंड फिरवलं आणि बराच वेळ सलाईनच्या स्टँडचा स्क्रू घट्ट करत राहिली, जो घट्टच होता.

दुपारी ती माझ्याकडं आली. "मला मोठ्यांच्या दवाखान्यात कुटं काम भेटंल का, ताई? मोटी मानसं वरडतात तरी. ह्ये माज्याच्यानं नाय व्हनार."

मी म्हटलं, "जायचं तर जा. पण आधी त्या पोरीला शिकवून जा. उद्या ती साइटवर परत जाणार. तिथं वाळू आहे, सळया आहेत, आई कामावर असते. पायात खिळा गेला तर ती तिथं कुणाची वाट बघत बसेल?"

मलाही हे बोलता बोलताच सुचलं होतं. हात बरा होणार होता. पण दुखणं लपवून ठेवलं की माणसं शहाणी म्हणतात, हे आम्ही तिला शिकवलं होतं. तिचा डिस्चार्ज होईपर्यंत ते तिच्या डोक्यातून काढायला हवं होतं. दुखलं तर जो समोर असेल त्याला सांगायचं, आई असो, शेजारीण असो, रस्त्यानं जाणारं कुणी असो, एवढं एकच तिला यायला हवं होतं.

मग आम्ही दोघी हात धुऊन मागं लागलो. रबरी हातमोजा फुगवला की त्याचा कोंबडा होतो, बोटं म्हणजे तुरा. गव्हाणच्या पोरीनं त्यावर पेननं डोळे काढले, चोच काढली, आणि मानेला पट्टी गुंडाळली. "कोंबडे को दुखता है. ये किसको बतायेगा?" छोटी म्हणायची, "दीदी को." "दीदी घर गयी तो?" छोटी विचार करायची. "दीदी आयेगी." दीदी रोज तोच प्रश्न विचारायची आणि घरी निघताना रोज साफ सांगायची, मैं अब घर जा रही हूँ, रात को नहीं आऊँगी, कल सुबह आऊँगी. मी ते ऐकायचे. दारापाशी कुणाची आजी असो नाहीतर आई, मी काही बोलले नाही. मीही छोटीपाशी जाऊन बसायचे, विचारायचे, दर्द है? ती माझ्याकडं बघायची आणि मान हलवायची, नाही. मी हात उघडून बघायचे. कधी सुईची जागा लाल असायची, म्हणजे दुखत असणारच. तरी मान नाहीच म्हणायची.

एकदा कोंबड्यानं वॉर्डातल्या सफाईवाल्या मावशींना सांगितलं. गव्हाणची पोरगी ते मला सांगायला धावत आली. "मावशींना सांगितलं तिच्या कोंबड्यानं, ताई! मानंला दुखतंय म्हनला!" त्या दिवशी आम्ही दोघींनी चहा घेतला आणि पहिल्यांदाच हसलो. पण कोंबडा बोलला होता, छोटी नाही.

डिस्चार्जच्या दिवशी गव्हाणच्या पोरीची साप्ताहिक सुट्टी होती. आदल्या दिवशीच तिनं छोटीला ते नीट समजावलं होतं. दुपारी आमच्याकडं झटके येणारं एक बाळ आलं. ताप डोक्यात गेलेला, बाप ओरडतोय, आई जमिनीवर बसलेली. बाळ सावरलं आणि आत गेलं, तरी मी टेबलापाशी उभी राहून एकीकडं फोनवर डॉक्टरांशी बोलत होते, दुसरीकडं त्या बापाला हातानं बस, बस म्हणत होते. तेवढ्यात कुणीतरी माझा ओचा ओढल्यासारखा माझ्या गणवेशाचा काठ ओढला.

छोटी होती. खाटेवरून उतरून, वॉर्ड ओलांडून, एकटी माझ्यापर्यंत चालत आली होती. तिनं हात वर केला, सुई काढल्यावर कापूस चिकटवला होता तो हात, आणि म्हणाली, "आंटी, दुखतंय." मराठीत म्हणाली, मला कळावं म्हणून.

आणि मी, फोन कानाला लावून, तिच्याकडं न बघता तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "काही नाही झालं, बाळा. काही नाही झालं."

ते माझ्या तोंडातून आपोआप गेलं. मूल पडलं की आपण हेच म्हणतो. माझी आई मला म्हणायची, मी माझ्या मुलांना म्हटलं, वॉर्डात दिवसातून कितीदा म्हणते याची गणतीच नाही. फोन ठेवल्यावर मी काय बोलले ते माझ्या ध्यानात आलं. वळून पाहिलं तर ती तिथं नव्हती.

मी सगळं टाकून तिच्या खाटेपाशी गेले. त्या बापाला तसंच उभं ठेवलं, म्हणू देत काय म्हणायचं ते. ती उशीला टेकून बसली होती. मी गुडघ्यावर बसले. म्हटलं, "दाखव बाळा, कुठं दुखतंय? मुझे दिखाओ." तिनं हात पाठीमागं घेतला.

"काही नाही झालं," ती म्हणाली. अगदी माझ्या सुरात.

मी तिचा हात पुढं घेऊन उघडून पाहिला. कापूस वाळून चिकटला होता, तो ओढला जात होता, एवढंच. मी पाण्यानं भिजवून हळूच काढला. तिला पुन्हा पुन्हा सांगितलं, तू बरोबर केलंस, माझं चुकलं, असंच सांगायचं, सगळ्यांना सांगायचं. ती शहाण्यासारखी मान हलवत होती. मी काहीही म्हटलं असतं तरी तिनं तशीच मान हलवली असती. संध्याकाळी तिचे वडील आले आणि ते चौघं रिक्षात बसून उलव्याला गेले.

दुसऱ्या दिवशी गव्हाणची पोरगी वॉर्डात शिरली ती थेट माझ्या टेबलापाशी. "गेली?"

"गेली."

"सांगितलं का तिनं कुनाला, ताई? काय दुखलंखुपलं?"

"सांगितलं," मी म्हणाले. "स्वतः चालत आली. मला सांगितलं."

"खरं?" तिनं दोन्ही हात तोंडावर धरले. डोळे भरून आले पोरीचे. "आन तुमी काय म्हनल्या?"

आजूबाजूला सगळा सकाळचा गोंधळ होता. तिला खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं.

"दाखव म्हटलं," मी म्हणाले. "कुठं दुखतंय ते दाखव म्हटलं."

"मंग मी नाय जात मोठ्यांच्या दवाखान्यात," ती म्हणाली, आणि हात चोळत पहिल्या खाटेकडं गेली.